अण्णांच्या मागची जागा

आमच्या घरात मोठ्या माणसांना काही सांगायचं नसे, विचारायचं असे. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शर्ट उलटा घातला गेला असेल तर आई म्हणे, "आज शिलाई बाहेरच्या बाजूने केलीय का हो शिंप्याने?" अण्णा खाली बघत, आत जात आणि शर्ट सरळ करून येत. आमटीत मीठ नसलं तर अण्णा आईला विचारत, "मिठाची बरणी संपली का?" यात कोणाला टोमणा वाटत नसे. आमचे पणजोबा संस्थानाच्या मोजणीखात्यात होते आणि साहेबाची चूक साहेबाला प्रश्न विचारून त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची, ही रीत तिथूनच घरात आली असावी असं अण्णा हसून सांगत. माझ्या मात्र ती लहानपणापासून अंगवळणी पडलेली होती. मी शाळेत गुजराती बोलत असे, गल्लीत हिंदी. पण कुठल्याही भाषेत मला मोठ्या माणसाला थेट "तुमचं चुकलं" असं म्हणता येत नसे. अजूनही धड येत नाही. माझा मुलगा मला ते दिवसातून चार वेळा म्हणतो आणि दर वेळी मी आधी दचकतो, मग त्याचा हेवा करतो.

आम्ही तरसालीला वरच्या मजल्यावर राहायचो. जिना बाहेरच्या बाजूने, लोखंडी; कोण आलं ते पावलांवरून आत कळायचं. अण्णा सयाजीगंजातल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. उंच टेबलावर वाकून दिवसभर रेघा मारायच्या, ही त्यांची नोकरी; आणि दिवाळी झाली की होळीपर्यंत रविवारी डोंगर, हा त्यांचा धर्म. हालोलच्या पुढे, जांबुघोड्याच्या बाजूला ज्या टेकड्या आणि जे जंगल आहे त्यातल्या पायवाटा त्यांना तोंडपाठ होत्या. ऑफिसातली, शेजारपाजारची दहाबारा माणसं बरोबर असत. डेपोतून पहाटेची एस.टी. धरायची, शिवराजपूर मागे टाकून कुठल्याशा फाट्यावर उतरायचं, आणि अण्णांच्या मागे एका रांगेत चालू लागायचं. जंगलातल्या ठिकाणांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. म्हशीसारखा बसलेला काळा खडक तो 'म्हैस'. एका बुंध्यातून दोन झालेला मोह तो 'जाऊबाई', कारण दोघी एका घरातून निघून एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. ही नावं आईने ठेवली असं ते सांगत, पण आई कधी डोंगरावर आली नव्हती.

तिचा डोंगर शनिवारी रात्री स्वयंपाकघरात होत असे. मेथी खंडेराव मार्केटातून अण्णाच आणत, चांगली दोन हातात मावणार नाही इतकी. ती निवडायला मी बसायचो. थेपल्यांचा ढीग, बटाट्याचं कोरडं शाक, लसणाची चटणी, आणि गूळपापडी. आमच्याकडे तिला सुखडीच म्हणायचे. तव्यावरून उतरलेलं पहिलं थेपलं अण्णा उभ्यानेच खात आणि म्हणत, "हे डोंगरावर टिकणार नाही, म्हणून इथेच संपवतोय." दर शनिवारी हेच वाक्य, आणि दर शनिवारी आई हसत असे.

रांगेत माझी जागा अण्णांच्या मागे, दुसरी. ती मला कोणी दिली नव्हती. मी नववीत असताना केव्हातरी माझ्या लक्षात आलं की अण्णा सावलीत शिरले की क्षणभर थांबतात. नंतर दिसलं की समोरची फांदी त्यांना दिसते, पण बाजूची दिसत नाही. गालाला लागली की ते दचकतात. दगडावर पाय ठेवण्याआधी काठीने तो चाचपतात आणि वर बघून पाखराबद्दल काहीतरी बोलतात, म्हणजे आपण चाचपतोय हे कोणाला कळू नये. डोळ्यांच्या पडद्याचा तो आजार होता. त्यात नजर कडेकडेने विझत येते, मधलं भोक तेवढं बराच काळ उघडं राहतं. म्हणून टेबलावरची रेघ त्यांना दिसत होती आणि पायाशेजारचा खड्डा दिसत नव्हता. हे सगळं नंतर डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की अण्णांना दिसत नाही, आणि हे त्यांना सांगायचं नाही. म्हणून मी विचारू लागलो. "अण्णा, पुढे तो ओला खडक लागतो तोच का हा?" "अण्णा, ही डावीकडची फांदी मागच्या वेळी एवढी खाली होती का हो?" ते म्हणत, "हो, तोच," किंवा "वाढलीय खरी." आणि पाय जपून टाकत, मान खाली घालत. मागच्यांना वाटे, पोराला जंगलाची फार जिज्ञासा आहे. हिशेब बघणारे गुप्तेकाका शेवटी, सगळ्यांच्या मागे चालत, ते तिथून ओरडत, "शिरीष, अरे एखादा प्रश्न परीक्षेत पण सोडव!"

आम्ही दोघे कधीही याबद्दल एक शब्द बोललो नाही. दोन हिवाळे असे गेले. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे आता लिहिताना लाज वाटते. वडिलांची दृष्टी जातेय आणि पोराला आपण किती हुशारीने ते झाकतोय याचं सुख होत होतं. त्याच काळात त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं तर काही उपयोग झाला असता का, असं मी नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "फारसा नाही." या 'फारसा'वर मी अनेक वर्षं विचार केला आहे.

मी अकरावीत होतो त्या हिवाळ्यात ऑफिसातल्या हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी व्हायची होती. अण्णांचा हक्क होता. पण मधल्या काळात त्यांच्या दोन नकाशांत चुका निघाल्या होत्या. एका भिंतीची रेघ दारावरून तशीच पुढे गेली होती. आई आणि अण्णा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत ते मी ऐकलं होतं. "साहेब काही म्हणाले का?" "म्हणाले, चिटणीसभाई, आराम करो थोडो." त्यानंतर बराच वेळ नुसता लाटण्याचा आवाज. आणि पुढच्याच आठवड्यात हे देसाईसाहेब स्वतः म्हणाले की तुमचा डोंगर आम्हाला पण दाखवा. अण्णा त्या दिवशी घरी आले ते मेथी घेऊनच, शनिवार नसताना. "साहेब येतायत," ते म्हणाले. "टेबलावर बघतात ते मला. एकदा तिकडेही बघू देत." मला त्यांच्या बोलण्यातलं सगळं समजलं, आणि त्याच क्षणी हेही, की पाहुणा माणूस म्हणजे तो अण्णांच्या मागे चालणार. माझ्या जागेवर.

तसंच झालं. फाट्यावर उतरल्यावर मी पुढे सरकलो तसे अण्णा म्हणाले, "शिरीष, साहेबांना पुढे येऊ दे." देसाईसाहेब चांगले माणूस होते. पांढरे बूट, डोक्याला रुमाल, हातात कॅमेरा. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि ते मध्ये आले. त्यांच्या रुंद पाठीपलीकडे मला अण्णांची काठी तेवढी अधूनमधून दिसत होती.

सागाची पानगळ झाली होती. ज्याने हे पाहिलं नाही त्याला सांगतो, सागाचं वाळलेलं पान म्हणजे पत्रावळीएवढं असतं आणि त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. दहाबारा माणसं चालली की बोललेलं ऐकू येत नाही. आणि ती पानं वाट पूर्ण झाकून टाकतात. अण्णा वाट डोळ्यांनी ओळखत नव्हते, कधीचेच नव्हते. ते तळपायांनी ओळखत. आज तळपायांना नुसती पानं लागत होती. म्हैस नावाच्या खडकापर्यंत काही झालं नाही, तो मोठा होता. अण्णा साहेबांना मोहाच्या फुलांबद्दल सांगत होते, पावसाळ्यात इथला धबधबा कसा ऐकू येतो ते सांगत होते. त्यांचा आवाज मोकळा, मजेत होता. मी तसा आवाज घरी कधी ऐकला नव्हता.

जाऊबाई आली. तिथून डावी वाट खाली कुंडाकडे जाते आणि उजवी धबधब्याच्या माथ्यावर, जिथे कातळ एकदम संपतो. आम्हाला कुंडावर जायचं होतं. अण्णा उजवीकडे वळले.

मी लगेच विचारलं. मोठ्याने, पानांच्या आवाजावर जाईल इतक्या. "अण्णा, जाऊबाई मागे राहिली का हो?"

साहेब वळून हसले. "जुओ, छोकरो बापनी परीक्षा ले छे!"

"घ्यायचीच त्याला सवय," अण्णा म्हणाले. त्यांनाही हसू येत होतं. "चल गपचूप. पायाखालची वाट आहे माझ्या."

"अण्णा, कुंडाला जाताना ऊन पाठीवर असतं ना?"

या वेळी ते थांबले. साहेबांच्या खांद्यावरून मला त्यांच्या चेहऱ्याचा थोडासा भाग दिसला. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगतो, त्यांना कळलं होतं. पण साहेबांनी रस्ता हाच ना म्हणून विचारलं, "चिटणीसभाई, रस्तो तो आ ज ने?" आणि अण्णा म्हणाले, "आ ज, साहेब." ऑफिसात माणूस जसं म्हणतो तसं. आणि चालू लागले. मागून गुप्तेकाका ओरडले, "अरे पुढे काय सभा भरलीय का? भूक लागली!"

मला साहेबांना ओलांडून पुढे जाता आलं असतं. वाट अरुंद होती, पण एवढी नव्हती. मी गेलो नाही. साहेबांना ढकलून वडिलांचा हात धरायचा म्हणजे काय ते जगासमोर सांगणंच होतं, आणि ते त्यांना नको होतं, आणि मी तर त्यांचंच ऐकणारा मुलगा. मी त्या पाठीमागून चालत राहिलो. झाडी विरळ होत गेली. मग कातळ आला, आणि सावली संपून अंगावर एकदम ऊन. मलाही डोळे किलकिले करावे लागले. अण्णा तर सरळ उन्हात गेले, चालता चालता साहेबांकडे अर्धे वळून, काठीने लांबची टेकडी दाखवत. "पावसात साहेब, इथून ना—"

"अण्णा, थांबा! पुढे काही नाही! तुम्हाला दिसत नाहीये!"

माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला, तो शेवटचा तुकडा तेवढा. अण्णा थांबले होते. त्यांनी काठी पुढे टेकवायला नेली आणि ती टेकली नाही. पायाजवळचा एक दगड घरंगळला, आणि तो खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. साहेबांनी त्यांचा दंड धरला. अण्णांनी तो हळूच सोडवून घेतला, दोन पावलं मागे आले आणि कातळावर खाली बसले.

मी या प्रसंगाबद्दल पुष्कळ माणसांशी बोललो आहे. बायकोशी, मित्रांशी, एकदा तर रेल्वेत भेटलेल्या अनोळखी माणसाशी. सगळे म्हणतात, तू वडिलांचा जीव वाचवलास. खरं आहे. पण जीव वाचवायला पहिली दोन वाक्यं पुरेशी होती. 'थांबा' एवढं एक पुरेसं होतं. तिसरं वाक्य मी का बोललो? भीतीने बोललो असं म्हणता येईल. पण ते वाक्य दोन वर्षं माझ्या तोंडात होतं, आणि ते बाहेर पडताना मला भीतीबरोबर एक सुटकाही वाटली होती, पाठीवरचं ओझं खाली टाकल्यासारखी. ती सुटका मला विसरता येत नाही.

गुप्तेकाका मागून धापा टाकत आले आणि काही न कळून म्हणाले, "बसलात? शाबास. नास्तो काढा." कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनीच पिशवी उघडली. डबे निघाले. साहेबांनी एक थेपलं घेतलं, त्यावर शाक ठेवलं, गुंडाळलं, आणि अण्णांचा हात धरून त्यांच्या तळहातावर ठेवलं. फार जपून, फार मायेने. मला ते थेपलं हिसकावून घेऊन फेकून द्यावंसं वाटलं. अण्णा म्हणाले, "थँक यू, साहेब," आणि त्यांनी ते सगळं खाल्लं.

उतरताना मी त्यांच्याजवळ गेलो. "गुप्ते," ते म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवतो." गुप्तेकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खांदा पुढे केला. जिथे काकांच्या खांद्याचा उपयोग नव्हता तिथे अण्णा बसून, हातांवर जोर देत, लहान मुलासारखे घसरत उतरले. सगळे वाट बघत उभे राहत आणि दुसरीकडे पाहत. मी रांगेच्या शेवटी होतो. तिथून काही करता येत नव्हतं.

घरी अण्णा हातपाय धुऊन झोपायला गेले. आई रिकामे डबे घासत होती. मी जे झालं ते सांगितलं. तिने हात थांबवले नाहीत. "मग आता मलाही कळल्याचं दाखवायला लागेल," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"त्यांच्या ताटात वाट्या रोज त्याच जागी कशाला मांडते मी? सवय म्हणून?" तिने डबा उपडा घातला. मग पाठमोरीच म्हणाली, "नुसतं थांबा म्हणायचं होतंस रे, बाळा." पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

देसाईसाहेबांनी अण्णांना काढलं नाही. जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं. गुंडाळ्या जागेवर ठेवायच्या, मागतील त्या काढून द्यायच्या, पगार तोच. ऑफिसात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले. अण्णा वेळेवर जात, वेळेवर येत. घरी मी आता काही विचारेनासा झालो, आणि सांगायलाही धजत नव्हतो. आमच्यात तेवढी एकच भाषा होती आणि ती मी मोडून ठेवली होती. उंबरा, उघडं दार, जमिनीवर राहिलेली बादली. मी धावत जाऊन ती उचलायचो आणि न बोलता बाजूला करायचो. त्यांना उचलल्याचा आवाज ऐकू येत असणारच.

थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी गुप्तेकाका आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "चिटणीस, लोकं विचारतात. डोंगर बंदच करायचा का? वाट आता तुमच्यानंतर ह्यालाच माहितीय." मी म्हणालो, मला अभ्यास आहे. अण्णा म्हणाले, "जाऊ द्या त्याला घेऊन." शनिवारी ते मेथी आणायला गेले नाहीत. आईने ब्रेड आणि बटाट्याचं शाक दिलं.

आणि मला त्या दिवशी फार मजा आली. हे लिहायलाच मी हे प्रकरण लिहायला घेतलं, बाकी सगळं त्याच्या आधीचं आहे. मी पुढे होतो. माझ्या पुढे कोणी नव्हतं, फक्त वाट होती, आणि मागे माणसं माझ्या पावलावर पाऊल टाकत येत होती. जाऊबाईजवळ मी डावीकडे वळलो आणि सगळे मुकाट वळले. कुंडाशी पोचल्यावर काका म्हणाले, "बापापेक्षा भारी निघालास!" आणि मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बसमध्ये आम्ही गाणी म्हटली. त्या पूर्ण दिवसात अण्णांची आठवण मला पहिल्यांदा आमच्या घराचं फाटक उघडताना आली.

ते खाटेवर बसले होते. मी चप्पल काढता काढता चेहरा गंभीर केला, जणू त्यांना दिसणार होता. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"ठीक. तुम्ही नव्हता, काही मजा नाही आली."

"खोटं नको बोलूस. जिना धावत चढलास." ते रागावले नव्हते. त्यांनी खाटेवर शेजारी हात फिरवून जागा केली. "बस. सांग."

मी बसलो आणि सांगू लागलो. कोण कोण आलं होतं, कोण दमलं, काका कुठे घसरले, पाण्याच्या बाटल्या कशा संपल्या. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते राहू दे रे. जंगलाचं सांग. पळस फुलला का?"

मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. पळसाची झाडं कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. फाट्यापासून खडकापर्यंत दोन्ही बाजूंना तीच आहेत. मी त्यांच्यामधून दोनदा गेलो होतो. पण मी सबंध दिवस मागे वळून माणसांकडे बघत होतो, ती माझ्या मागे कशी येतायत ते. एकही झाड मी पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "फुललाय. खूप."

"उताराच्या बाजूचाही?"

"तोही."

अण्णांनी डोळे मिटले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, आधी मारत तशी, मोठ्याने.

"ऐकलंस का? यंदा पळस लवकर फुललाय!"